वेशीवरची गाठ

१२ एप्रिल १८६७ रोजी सकाळी विरारहून एक गाडी निघाली आणि मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत गेली. संध्याकाळी ती परत आली. दिवसाला जाऊन-येऊन एकच फेरी. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या बी. बी. सी. आय.ची, ही पहिली उपनगरी सेवा. वाटेतल्या थांब्यांमध्ये वसई, खाडीतल्या बेटावरचे पांजे, बोरिवली, पहाडी (म्हणजे आजचे गोरेगाव), अंधेरी, वांद्रे, माहीम, दादर, ग्रँट रोड अशी नावे सापडतात. बोरिवलीच्या लगेच उत्तरेचे दहिसर सापडत नाही. रूळ गावाच्या शेजारून, भातखाचरे आणि मिठागरे कापत गेले होते. इंजिनाची शिटी गावात ऐकू येत असणार, पण गाडीत चढायचे तर बोरिवली गाठायला हवी.

रूळ गावाजवळून जाणे आणि गाव रेल्वेला जोडले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही बाब शास्त्रीय कामात नेमकेपणाने आली ती २००३मध्ये. कोलकात्याच्या पारोंगमा सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रेल्वेच्या जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रुळांचा नकाशा बाजूला ठेवला आणि वेळापत्रक हातात घेतले. एखादी तरी गाडी ज्या दोन स्थानकांवर थांबते, ती दोन स्थानके जोडलेली, मग त्यांच्यात कितीही मैलांचे अंतर असो. असे मोजल्यावर एवढा अवाढव्य देश अगदी आटोपशीर निघाला. कुठूनही कुठेही जायला फार वेळा गाडी बदलावी लागत नाही. प्रवासी हेच तर करतो. तो किलोमीटर मोजत नाही, 'गाडी बदलायची आहे का' एवढेच विचारतो. या हिशेबाने १८६७चे दहिसर रुळांच्या नकाशावर होते आणि गाड्यांच्या नकाशावर नव्हते.

त्याआधीची जोडणी वेगळीच होती, आणि ती पाण्याची होती. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरातून निघते, आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून उतरते, श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण करत मनोरीच्या खाडीला मिळते. डोंगरात ती निघते तिथून कान्हेरीची लेणी फार दूर नाहीत. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतले शिलालेख वाचले की दानकर्त्यांची गावे समोर येतात: कल्याण, सोपारा, नाशिक, चौल. व्यापारी, सोनार, भिक्खू, भिक्खुणी. कोणी लेणे कोरून दिले, कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ठेव ठेवली. बंदर आणि घाट यांच्यामध्ये उभ्या असलेल्या एका डोंगराने कोकणातल्या आणि देशावरच्या माणसांना एकत्र आणले होते. आपण विहारांना एकांतवास समजतो, पण या शिलालेखांतला विहार हा त्या काळचा मोठा वर्दळीचा थांबा आहे. दहिसर या थांब्याच्या पायथ्याशी. नदीच्या खालच्या अंगाला, आज बोरिवलीत मोडणारी मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्यांचे चर्च केले, १७३७मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, १७३९मध्ये वसई पडली, १७७४च्या अखेरीस इंग्रजांकडे गेली. राज्ये बदलली तरी गावाच्या वाटा त्याच राहिल्या: नदीने खाडीकडे, पायवाटेने डोंगराकडे.

मुंबई बेटाशी मात्र पश्चिम बाजूने जमिनीवरून जोडणी नव्हती. साष्टी हे वेगळे बेट, मध्ये माहीमची खाडी. १८४५मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला, जमशेटजी जीजीभॉयांच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशातून, आणि वांद्र्यापासून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याला अर्थ आला. या रस्त्याचे नाव घोडबंदर रोड. आज आपण त्याला एस. व्ही. रोड म्हणतो. वांद्रे, खार, अंधेरी, मालाड, बोरिवली, दहिसर आणि पुढे खाडीवरचे घोडबंदर. नाव बदलल्यामुळे आपण विसरतो की ठाण्याकडचा आजचा घोडबंदर रोड आणि सांताक्रूझच्या कपड्यांच्या दुकानांसमोरचा रस्ता यांचे एकेकाळी एकच टोक होते.

त्यानंतर वीज आली. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. बोरिवलीपर्यंतच. विरारपर्यंतच्या तारा १९३६मध्ये लागल्या. मधल्या आठ वर्षांत बोरिवली हे टोक झाले, आणि टोकाला जे जे लागते ते सगळे बोरिवलीत जमले: जास्त फलाट, सुटणाऱ्या गाड्या, टांगे, बाजार, बिऱ्हाडे. नंतर लांब पल्ल्याच्या गाड्याही तिथेच थांबल्या, कारण थांबायला माणसे तिथेच होती. १९९९मध्ये आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी जाळ्यांच्या वाढीचा जो नियम मांडला, तो याच्याशी मिळताजुळता आहे. नवा दुवा जोडताना तो कुठेही पडत नाही, ज्याच्याकडे आधीच पुष्कळ दुवे आहेत त्याच्याकडे ओढला जातो. परिणामी थोड्या जागा प्रचंड जोडलेल्या, आणि बाकीच्या असंख्य जागांना मोजके धागे. हा नियम त्यांनी वेबपानांच्या आणि चित्रपट कलाकारांच्या जाळ्यांवरून काढला. पश्चिम रेल्वेवर तो सरसकट लागू करायला मी धजणार नाही. एका सरळ रेषेवरची स्थानके हे फार बंदिस्त जाळे आहे. पण सुरुवातीची थोडी आघाडी पुढे किती मोठी होते, हे दहिसरच्या माणसाला सांगावे लागत नाही. पुढे दहिसरलाही गाड्या थांबू लागल्या; बोरिवली एका स्थानकावर, आणि तरी जग वेगळे. विरारकडून येणारी गाडी दहिसरला थांबलीच तर तिच्या दारात आधीच दोन-तीन रांगा माणसे लटकलेली असतात. उलट, 'बोरिवली लोकल' हे नाव दहिसरकराला नको असते, कारण ती त्याला घराच्या अलीकडे सोडते.

दहिसरचे दिवस पालटले ते रुळांमुळे नव्हे, एका रेघेमुळे. १९५०मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत सरकली होती. फेब्रुवारी १९५७मध्ये ती आणखी वर गेली: पश्चिमेला दहिसर, पूर्वेला मुलुंड. ठाणे जिल्ह्यातले एक खेडे बृहन्मुंबईचे शेवटचे गाव झाले. त्या वेळी राज्य द्वैभाषिक मुंबईचे होते, त्यामुळे दहिसरहून अहमदाबादला निघालेला ट्रक कोणतीही राज्यसीमा ओलांडत नव्हता. १ मे १९६०नंतर तो ओलांडू लागला. पण ट्रकवाल्याच्या दृष्टीने खरी सीमा तलासरी-भिलाडला नव्हती. ती दहिसरला होती, जिथे पालिकेचा जकात नाका होता.

मुंबईत रस्त्याने शिरायचे तर पाच नाके: दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि मानखुर्द-वाशी. गुजरात, राजस्थान, दिल्ली, पंजाबकडून येणारा माल प्रामुख्याने दहिसरवरून. एक रस्ता, एक नाका, आणि त्यामागे उत्तर भारताचे सगळे रस्ते. याचे मोजमाप १९७७मध्ये लिंटन फ्रीमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने स्पष्टपणे मांडले. एखाद्या बिंदूचे महत्त्व मोजायला त्याला किती दुवे आहेत हे पाहू नका, तर बाकीच्या कोणत्याही दोन बिंदूंमधले किती जवळचे मार्ग याच्यातून जातात ते पाहा. दुवे मोजले तर दहिसर सामान्य निघते: एक हमरस्ता, एक रेल्वे, काही आतले रस्ते. त्यातून जाणारे मार्ग मोजले तर मात्र ते मुंबईच्या मोजक्या सर्वांत महत्त्वाच्या जागांपैकी एक ठरते. महापालिकेने हे फ्रीमनशिवायच ओळखले होते. जकात हा तिच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा होता.

नाक्याचे रात्रीचे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल. दिवसा अवजड वाहनांना शहरात मोकळीक नसे, म्हणून खरी गर्दी रात्रीची. जी. जे. पाट्यांचे ट्रक काशिमिऱ्याच्या दिशेने एकामागे एक उभे. ड्रायव्हर केबिनमधून उतरतो, बिल्टी आणि इन्व्हॉइसची घडी एजंटाच्या हातात देतो. एजंट कागद खिडकीवर सरकवतो. आत कारकून मालाचा प्रकार आणि किंमत पाहतो, दर लावतो. किंमत कमी दाखवली असा संशय आला की ताडपत्री सोडायची, एखादे खोके फोडायचे, वाद घालायचा. क्लीनर टायरला दगड लावून ट्रकखालीच आडवा. चहाच्या टपऱ्या, टायर पंक्चरवाले, पराठे, बिडी-तंबाखू, झेरॉक्सचे दुकान. एका हिशेबाने जकात हा कर आणि दुसऱ्या हिशेबाने तो थांबा, आणि थांब्याभोवती गाव वाढते. मुंबईत जाणारा माल आणि मुंबईतून फक्त पुढे जाणारा माल यांचे कागद वेगळे, म्हणजे नुसते पार व्हायचे असले तरी इथे थांबणे आलेच.

अशा एका बिंदूवर एवढे मार्ग टांगलेले असतात तेव्हा त्याच्या पुढचा-मागचा एखादा दुवा तुटला तरी सगळे कोलमडते. नाक्याच्या उत्तरेला, खाडीवर, वर्सोवा पूल आहे. अंधेरीच्या वर्सोव्याशी त्याचा संबंध नाही, घोडबंदरजवळच्या गावावरून त्याला ते नाव पडले. २०१३च्या अखेरीस त्या जुन्या पुलात तडा सापडला आणि अवजड वाहतूक रोखावी लागली. ट्रक भिवंडी-ठाणे असे वळवावे लागले, आणि लांबवर, त्या पुलाचे नावही न ऐकलेल्या लोकांच्या वाटेत कोंडी झाली. शेजारचा नवा पूल २०२३च्या मार्चमध्ये वापरात यायला लागला. तोवर अहमदाबादच्या वाहतुकीचा भार त्या म्हाताऱ्या पुलावरही होता.

हा दोष मुंबईच्या एकूण रचनेतच आहे. उत्तर मुंबईच्या मधोमध सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे जंगल आहे. ते आहे म्हणून मुंबईला तुळशी-विहारचे पाणी आहे आणि श्वास घ्यायला जागा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जंगलाच्या दोन्ही अंगांनी उत्तर-दक्षिण रस्ते आणि रूळ गेले, आडवे फार थोडे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि आरे सोडले तर वर थेट घोडबंदरपर्यंत पूर्व-पश्चिम मोटाररस्ता नाही. बोरिवलीहून ठाण्याला, जे डोंगरापलीकडे अगदी पाठीला पाठ लावून आहे, जायचे तर आधी उत्तरेला दहिसरचा नाका, मग घोडबंदर, मग दक्षिणेला वळसा. घोडबंदरचा हा वळसा सोडला तर गणिताच्या भाषेत मुंबईची जोडणी झाडासारखी आहे: खोड दक्षिणेला, फांद्या उत्तरेला, आणि फांदीतून फांदीत जायला मुळाकडेच उतरावे लागते. नदीही अशीच असते. रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकी जलशास्त्रज्ञाने १९४५मध्ये नद्यांच्या फांद्यांची श्रेणी लावून दाखवली: छोटे ओढे पुष्कळ, मोठे थोडे, शेवटी एक. सगळे पाणी एकाच तोंडी.

२६ जुलै २००५ला या दोन्ही रचना एकमेकींवर चढल्या. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. पोयसर, ओशिवरा आणि दहिसर याही नद्या होत्या हे पुष्कळांना त्या दिवशी कळले. दहिसर नदीचा गाळ, काठावरचे तबेले आणि कारखान्यांचे पाणी, दोन्ही बाजूंनी सरकत आलेल्या भिंती यांनी पात्र आधीच चिंचोळे झाले होते, आणि खाली भरती. पाण्याला दुसरी वाट नव्हती. माणसांनाही नव्हती. लोकल बंद, हमरस्ता पाण्याखाली. चर्चगेट, अंधेरी, गोरेगावहून लोक रुळांवरून आणि हमरस्त्यावरून चालत निघाले. दहिसर-मीरा रोडचे लोक फार उशिरा घरी पोहोचले, कारण त्यांचे घर लांबच्या फांदीवर होते. त्या रात्रीनंतर झालेल्या चर्चेत नाले, मिठी, प्लास्टिकच्या पिशव्या यांवर जेवढे बोलले गेले त्याच्या पावपटही जोडणीच्या आकारावर बोलले गेले नाही, असे मला वाटते.

१ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याच दिवशी मुंबईची जकात संपली. रांगा रातोरात विरल्या. एजंटांचे काम गेले, तसे पालिकेचे उत्पन्नही गेले, ते राज्याकडून भरपाई म्हणून येऊ लागले. याच नाक्यांवरचा टोल मात्र तसाच होता. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना पाचही प्रवेशद्वारांवर टोलमाफी मिळाली, अवजड वाहने अजून भरतात. म्हणजे नाका हटला नाही, फक्त त्याची चाळणी बदलली. वस्तूंसाठी उभारलेली वेस आता वाहनांच्या आकाराकडे पाहते.

याच काळात दहिसरला एक असा दुवा मिळत होता, जो त्याला दीडशे वर्षांत मिळाला नव्हता. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मेट्रो २अ आणि मेट्रो ७ यांचे पहिले टप्पे एकाच दिवशी सुरू झाले. एक डहाणूकरवाडीपासून वर येतो, लिंक रोडच्या बाजूने. दुसरा आरेपासून वर येतो, हमरस्त्यावरून. दोघे भेटतात दहिसर पूर्वला. म्हणजे नकाशावर उलटा 'यू', आणि त्याचा माथा दहिसर. दहिसरच्या हद्दीत मेट्रो पश्चिम रेल्वेचे रूळ ओलांडते. उपनगरात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको: 'ईस्ट' आणि 'वेस्ट' यांच्यात रूळ म्हणजे हद्दच, आणि ती पार करायला पादचारी पूल, सबवे किंवा रिक्षाचा वळसा. पहिल्या टप्प्यात कांदिवलीच्या पश्चिमेहून पूर्वेला मेट्रोने जायचे तर सरळ दहिसरपर्यंत जाऊन परत खाली यावे लागे. मजेसाठी तसे करणारे असतीलही, कामासाठी कोणी शहाणा करणार नाही. पण स्थानकांची नावे वाचताना वेगळेच काही दिसते: कांदरपाडा, मंडपेश्वर, एकसर, देवीपाडा, ओवरीपाडा. ज्या पाड्यांना लोकलने कधी विचारले नव्हते, ते प्रथमच एका वेळापत्रकात आले.

१९ जानेवारी २०२३ला दोन्ही मार्गांचे उरलेले टप्पे उद्घाटित झाले. २अ अंधेरी पश्चिमपर्यंत, ७ गुंदवलीपर्यंत, दोन्ही मिळून सुमारे ३५ किलोमीटर. दोन्ही टोके २०१४पासून चालू असलेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांना पादचारी पुलांनी जोडली गेली. आणि उपनगरांत मेट्रोचे पहिले बंद कडे तयार झाले. दहिसर, अंधेरी पश्चिम, पश्चिम द्रुतगती महामार्ग, गुंदवली, पुन्हा दहिसर.

कडे आणि झाड यांतला फरक प्रवाशाला रोज जाणवत नाही, पण एखाद्या सकाळी गाडी बंद पडली की जाणवतो. झाडात एक दुवा तुटला की मागचा सगळा भाग सुटा होतो. कड्यात एक दुवा तुटला तर उलट्या बाजूने जाता येते, वेळ जास्त लागतो एवढेच. १९९८मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी दाखवले होते की एखाद्या नियमबद्ध जाळ्यात मोजके आडवे दुवे टाकले तरी सरासरी अंतर झपाट्याने खाली येते. त्यांनी उदाहरणे घेतली होती चित्रपट कलाकारांची, अमेरिकेच्या पश्चिमेकडील वीजवाहिन्यांची आणि एका सूक्ष्म कृमीच्या मज्जातंतूंची. वॉट्स-स्ट्रोगाट्झ यांच्या अर्थाने मेट्रोचे कडे हे छोटे जग नाही, त्यात आडवे दुवे फार थोडे. तरी उत्तरेत माथ्यावर एक आडवा दुवा पडला आणि तो दहिसरला पडला, ही गोष्ट लहान नाही.

आता पुढचे दोन प्रकल्प दहिसरला दोन दिशांना ओढणारे आहेत. बोरिवली-ठाणे जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ला झाले. सुमारे ११.८ किलोमीटरचा हा मार्ग राष्ट्रीय उद्यानाखालून जाईल. तो सुरू झाला की बोरिवलीची गाडी ठाण्याला जाण्यासाठी दहिसरला येणारच नाही, आणि नाक्यावरून जाणाऱ्या मार्गांतला एक जाड पदर कमी होईल. बोगद्याचे पश्चिमेचे तोंड मागाठाण्याला आहे, म्हणजे नवा दुवा पुन्हा बोरिवलीच्याच पदरात. दुसरीकडे मेट्रो ९ दहिसर पूर्वहून मीरा-भाईंदरकडे, १९५७ची रेघ ओलांडून जाते. ती मेट्रो ७चाच पुढचा भाग म्हणून आखलेली आहे. सुरुवातीला २अ आणि ७च्या गाड्या दहिसरला एकमेकींत सरळ पुढे जात. भाईंदरच्या गाड्या ७वर सरळ उतरू लागल्या, तर २अवरून येणाऱ्याला दहिसरला फलाट बदलावा लागेल, आणि दहिसर हे उतरून दुसरी गाडी पकडण्याचे स्थानक होईल. गाड्या दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून सोडल्या, तर फलाटावर उभे राहून पाटी वाचणाऱ्यांची गर्दी होईल. रूळ टाकून झाल्यावरही हे ठरायचे असते, आणि ते ठरवणारे कागद बांधकामाच्या नकाशांपेक्षा पातळ असतात: दर किती मिनिटांनी, कुठून कुठपर्यंत, आणि शेवटची गाडी किती वाजता.